एक तारखेची गोळी

इथे ह्यूस्टनमधल्या माझ्या तीन मित्रांनी गेल्या वर्षभरात कुत्री पाळली. तिघांनीही मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "हार्टवर्मसाठी कुठलं औषध चांगलं रे?" प्रत्येक वेळी मी पाऊण तास बोललो. चौथ्याचा फोन यायच्या आत एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. प्रोग्रॅमर माणूस, तेच काम दोनदा करायचं जिवावर येतं. तीनदा केलं हेच खूप झालं.

आधी माझं उत्तर सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांना पुढचं वाचायला नको. "कुठलं औषध चांगलं" हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ते औषध द्यायला तुमच्या घरात कोण विसरणार आहे? आमच्या घरात तो विसरणारा मी होतो, आणि त्याची किंमत बंड्याने मोजली.

बंड्या आमच्याकडे शेल्टरमधून आला. तिथे त्याचं नाव बँडिट होतं. घरी पोचेपर्यंत त्याचा बंड्या झाला. साधारण २० किलोचा, कान एक उभा एक पडलेला, जात कुठली ते देव जाणे. शेल्टरवाल्यांनी हार्टवर्मची टेस्ट करूनच दिला होता. डॉक्टरांनी महिन्याला एक चघळायची गोळी लिहून दिली. मी तत्परतेने कॅलेंडरमध्ये दर एक तारखेचा रिमाइंडर लावला आणि विषय संपला असं समजलो.

आता आमचं रिमाइंडरशी नातं काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. मीटिंगमध्ये असताना फोन थरथरतो, आपण "नंतर" दाबतो, आणि ते "नंतर" कधी येत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रिलीज होतं. एक तारीख आली नि गेली. महिन्याच्या मध्यावर आठवलं तेव्हा मनाने सोयीस्कर पळवाट काढली, "आता थंडी सुरू झाली, डास कुठेत?" डिसेंबरात आम्ही पाच आठवड्यांसाठी भारतात जाणार होतो. बंड्याला मित्राकडे सोडलं. त्याला खाणं, पट्टा, आवडता फाटका बॉल, सगळं दिलं. गोळी राहिली. परत आल्यावर १० जानेवारीला मी गोळी दिली, आणि मनातल्या मनात स्वतःला माफही करून टाकलं.

इथे जरा थांबून ही गोळी नक्की काय करते ते सांगायला हवं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं आणि त्यातच सगळी ग्यानबाची मेख आहे.

हार्टवर्म म्हणजे डायरोफिलारिया इमिटिस नावाचा जंत. आपल्याकडे हत्तीरोग ज्या जंतांमुळे होतो त्यांचा हा भाऊबंद, आणि तोही डासांमार्फतच पसरतो. आधीच जंत झालेल्या एखाद्या कुत्र्याला किंवा कायोटीला डास चावतो. (कायोटी म्हणजे इथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी. तो शहरांतही फिरतो.) त्या रक्ताबरोबर सूक्ष्म अळ्या डासाच्या पोटात जातात. हवा उबदार असेल तर दोनेक आठवड्यांत त्या पुढच्या कुत्र्याला लागण करायला तयार होतात. मग तो डास आपल्या बंड्याला चावतो. अळी कातडीखाली शिरते, कात टाकत वाढते आणि दोन-तीन महिन्यांत रक्तातून फुप्फुसाच्या रोहिण्यांपर्यंत पोचते. सहा-सात महिन्यांत ती पूर्ण वाढते. मादी जंत २५ ते ३० सेंटिमीटर लांब होऊ शकते, म्हणजे शाळेतल्या लांब पट्टीएवढी! आणि हे पाहुणे कुत्र्याच्या अंगात पाच ते सात वर्षं मुक्काम ठोकतात. रोहिण्या खराब होतात, हृदयावर ताण येतो, कुत्रं खोकायला लागतं, दमायला लागतं. लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आता गोळीचं काम. माझी समजूत होती की एक तारखेला गोळी दिली की पुढचे तीस दिवस कुत्र्याभोवती कवच तयार होतं. चूक! महिन्याची गोळी पुढचं बघत नाही, मागचं बघते. मागच्या महिनाभरात ज्या अळ्या आत शिरल्या असतील त्यांना ती मारते. आपल्या भाषेत सांगायचं तर ही फायरवॉल नव्हे, क्लीनअप जॉब आहे. महिन्यातून एकदा चालतो आणि साचलेला केर काढतो. जॉब चार-सहा दिवस उशिरा चालला तर सहसा काही बिघडत नाही. पण अळी साधारण ५० दिवसांच्या पुढे गेली की तिच्यावर या गोळीचा भरवसा धरता येत नाही. तिला पूर्ण वाढू द्यायचं आणि मग जालीम औषधाने मारायचं, एवढंच हातात उरतं.

हिशोब करून बघा. माझी शेवटची गोळी १ ऑक्टोबरची, पुढची १० जानेवारीची. मध्ये शंभर दिवस. ऑक्टोबरात चावलेल्या डासाने सोडलेली अळी तोपर्यंत गोळीच्या आवाक्याबाहेर गेली होती. आणि "थंडीत डास कुठेत" हे वाक्य ह्यूस्टनमध्ये उच्चारणं म्हणजे कोकणात जुलैमध्ये छत्री विसरण्यासारखं. डासात अळी वाढायला सरासरी १४ अंश सेल्सिअसच्या वर हवा लागते. आमच्याकडे नोव्हेंबरातही तेवढी ऊब मुबलक असते, आणि आमच्या कुंड्यांखालच्या बश्यांत पाणीही मुबलक होतं.

जानेवारीतच वार्षिक तपासणी होती. टेस्ट निगेटिव्ह आली. मी डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगितलं, दोन डोस चुकलेत. त्या म्हणाल्या, "मग या निगेटिव्हला अजून अर्थ नाही. सहा महिन्यांनी परत या." ही टेस्ट पूर्ण वाढलेल्या मादीचं प्रथिन रक्तात शोधते. लागण होऊन पाच-सहा महिने झाल्याशिवाय ते सापडतच नाही. माझ्या डोक्यात मात्र "निगेटिव्ह" एवढाच शब्द शिरला. जुलैमध्ये परत जायला मी जवळजवळ विसरलोच होतो. बायकोने अपॉइंटमेंट घेतली म्हणून गेलो.

जुलै २०२२. पॉझिटिव्ह.

त्यानंतरचे पाच महिने थोडक्यात सांगतो. आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन. हे अँटिबायोटिक जंतांच्या पोटात राहणाऱ्या वोल्बाखिया नावाच्या जीवाणूंना मारतं, त्याने जंत दुबळे होतात. मग महिनाभर थांबायचं. मग मेलारसोमीन, म्हणजे आर्सेनिकपासून बनवलेलं औषध, कमरेच्या खोल स्नायूंत इंजेक्शनने. सप्टेंबरात एक, महिन्याने लागोपाठ दोन दिवस दोन. इंजेक्शननंतर बंड्या दोन दिवस पाठ वाकवून चालत होता. माझ्याकडे बघायचा तेव्हा त्या नजरेत राग नव्हता, म्हणून जास्त त्रास व्हायचा.

पण खरी शिक्षा वेगळीच. मेलेले जंत कुठे जाणार? त्यांचे तुकडे होऊन फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. अशा वेळी कुत्रं धावलं, उड्या मारल्या, हृदयाचे ठोके वाढले, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून उपचार सुरू झाल्यापासून शेवटच्या इंजेक्शननंतर दीड-दोन महिन्यांपर्यंत पळणं बंद, बॉल बंद, जिना बंद. दिवाळीत मित्र घरी आले तेव्हा बंड्या आतल्या खोलीत पिंजऱ्यात होता आणि प्रत्येक बेल वाजली की शेपटी पिंजऱ्यावर आपटत होता. खारीच्या मागे धावायचं नाही हे तुम्ही कुत्र्याला कुठल्या भाषेत सांगणार? बिलाचं म्हणाल, तर तेवढ्या पैशांत आठ-दहा वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. पण बिल भरून मोकळं तरी होता येतं.

असो. उपचार यशस्वी झाले. नऊ महिन्यांनी, जुलै २०२३ मध्ये टेस्ट निगेटिव्ह आली. तेव्हा डॉक्टरांनी मला तोच प्रश्न विचारला जो आज मित्र मला विचारतात. आता पुढे काय द्यायचं?

या वेळी मी अभ्यास केला. या औषधांचा इतिहास मजेशीर आहे. १९८७ च्या आधी कुत्र्यांना डायइथाइलकार्बामाझिन रोज द्यावं लागायचं. हत्तीरोगासाठी आपल्याकडे घरोघरी वाटतात ती डीईसीची गोळी म्हणजे हेच औषध. सलग दोन-तीन दिवस चुकले की संरक्षणाला भोक पडायचं, आणि रक्तात आधीच अळ्या असलेल्या कुत्र्याला दिलं तर गंभीर रिअॅक्शन यायची. मग आयव्हरमेक्टिन आलं. जपानमधल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सतोशी ओमुरा यांना सापडलेल्या जीवाणूपासून ते निघालं, आणि त्यासाठी त्यांना व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. १९८७ पासून अमेरिकेत ते कुत्र्यांसाठी महिन्याची गोळी म्हणून मिळू लागलं. २००१ मध्ये सहा महिने टिकणारं मॉक्सिडेक्टिनचं इंजेक्शन आलं, आणि २०१९ मध्ये वर्षभर टिकणारं.

रोज, महिना, सहा महिने, वर्ष. लक्षात येतंय का? प्रत्येक पुढच्या औषधाने माणसाला विसरायच्या संधी कमी ठेवल्या. वर्षाला ३६५ संधी होत्या, त्या १२ झाल्या, मग २, मग १. इतक्या हुशार लोकांनी इतकी वर्षं खपून आपल्या विसरभोळेपणावर उपाय शोधले. आणि आपण मात्र दुकानात उभं राहून चव चिकनची की बीफची यावर निवड करतो!

म्हणून माझं मत असं, की आधी स्वतःकडे बघा, मग औषधाकडे. आता एकेक पर्याय घेऊ.

महिन्याची गोळी. तुमच्या घरी एखादी नियमित व्यक्ती असेल तर हा उत्तम पर्याय आहे. नियमित म्हणजे दर महिन्याचं भाडं आणि कुत्र्याची गोळी यात फरक न करणारी. गोळी रोजच्या औषधांच्या डबीशेजारी ठेवा, आणि कुत्र्याने ती खरंच गिळली हे बघा. आमच्या सोफ्याच्या मागे नंतर एक अर्धवट चघळलेली गोळी सापडली होती. कुठल्या महिन्याची कोण जाणे. रिमाइंडर दोघांच्या फोनवर लावा आणि डोस दिल्यावरच बंद करा.

ऑल-इन-वन गोळी. हार्टवर्म, पिसवा, गोचीड, पोटातले जंत, सगळं एकात. सोयीची आहे, खोटं कशाला बोला. पण यातल्या पिसवा-गोचिडांवरच्या औषधांच्या एका गटाने, आयसोक्साझोलिनने, काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात असा इशारा एफडीएने २०१८ मध्ये दिला. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. पण तुमच्या कुत्र्याला फिट्सचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि हार्टवर्मचं औषध वेगळं घ्या.

मानेवर लावायचं औषध. गोळी थुंकणाऱ्या कुत्र्यांसाठी बरं. मात्र ते वाळेपर्यंत लहान मुलांना कुत्र्याच्या गळ्यात पडू देऊ नका, आणि आंघोळीच्या वेळा सांभाळा. विसरायच्या संधी इथेही बाराच.

इंजेक्शन. डॉक्टर देतात, विषय संपतो. इथे औषध खरोखर अंगात टिकून हळूहळू सुटत राहतं. म्हणजे क्लीनअप जॉब नाही, सतत चालणारी सर्व्हिस. पण याची दुसरी बाजूही सांगतो. एकदा टोचलं की परत काढता येत नाही. सहा महिन्यांचं इंजेक्शन २००४ मध्ये गंभीर रिअॅक्शनच्या तक्रारींमुळे एफडीएच्या सांगण्यावरून बाजारातून परत घेतलं गेलं आणि २००८ मध्ये अटींसह परत आलं. वर्षाचं इंजेक्शन वर्षाच्या आतल्या पिल्लांना देत नाहीत, आणि आजारी किंवा वजन घटत असलेल्या कुत्र्यांनाही नाही. अॅलर्जीचा इतिहास असेल तर जपून. हे सगळं ऐकून, बंड्याची तब्येत तपासून, आम्ही २०२३ मध्ये हेच निवडलं. कारण आमच्या घरातला सर्वात मोठा धोका औषध नव्हता, मी होतो.

आता तुम्ही म्हणाल, कोलीला आयव्हरमेक्टिन चालत नाही म्हणे? कोली, ऑस्ट्रेलियन शेपर्ड वगैरे जातींत एमडीआर१ नावाच्या जनुकात एक बिघाड आढळतो, त्यामुळे मोठा डोस मेंदूपर्यंत पोचतो. पण हार्टवर्मच्या गोळीचा डोस किलोला ६ मायक्रोग्रॅम इतका कमी असतो, की तो या कुत्र्यांनाही सुरक्षित आहे.

खरा धोका आहे तो जुगाडूंना. गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन स्वस्त मिळतं, तेच थोडं थोडं द्यायचं, असा सल्ला मलाही एकाने दिला होता. गणित करा. बंड्या २० किलो, म्हणजे त्याला लागणार १२० मायक्रोग्रॅम. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये असतात १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे द्यायचे ०.०१२ मिलिलिटर, एका थेंबाचा साधारण चौथा हिस्सा! हात हलून ०.२ मिलिलिटर गेलं तर डोस किलोला १०० मायक्रोग्रॅम होतो, आणि तिथे त्या कोलीचा जीव खरंच धोक्यात येतो. दशांश चिन्ह चुकल्यावर काय होतं ते आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत?

लसूण, कडुनिंब, "नैसर्गिक" थेंब यांच्याबद्दल एवढंच, की यांनी हार्टवर्म टळत नाही. लसूण तर कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक आहे. आणि "आमचा घरातच असतो" हे तर डासांना कोणीतरी कळवायला हवं.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात, लुइझियाना वगैरे भागात, या औषधांना दाद न देणारे जंत आढळले आहेत. म्हणजे एकही डोस न चुकवता लागण होऊ शकते. काही लोक याचा अर्थ "मग द्यायचंच कशाला" असा काढतात. माझ्या मते अर्थ उलटा आहे. औषध चालू ठेवा, डासांना अंगणात थारा देऊ नका, आणि दरवर्षी टेस्ट करा, इंजेक्शन असलं तरी. अमेरिकन हार्टवर्म सोसायटीचा सल्लाही हाच आहे, बारा महिने औषध आणि बारा महिन्यांनी टेस्ट. आपण बॅकअप घेतो, पण तो रिस्टोअर होतो का हे बघत नाही. तसलं करू नका.

उपचार चालू असताना आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या मोत्याला कुठे दिली होती रे असली गोळी?" खरंच नव्हती दिली. हा जंत भारतात जास्त करून ईशान्येकडे आढळलेला आहे. पुण्यात मोत्याची लढाई गोचिडांशी होती. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या वाचकांनो, हे वाचून घाबरून अमेरिकेतून गोळ्या मागवू नका. तुमच्यासाठी रेबीजची लस आणि गोचीडताप हे आधीचे विषय, बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण कुत्र्याला घेऊन इकडे येणार असाल तर पहिल्याच आठवड्यात व्हेटकडे जा.

आई पुढे म्हणाली, "आणि तुला काय आठवण राहायची? तुझा डबासुद्धा मीच दप्तरात घालत होते." बस्, माझ्या दोन हजार शब्दांचं सार तिने एका वाक्यात सांगितलं. माझं भुकेलेपण माझ्या आठवणीवर तिने कधी सोडलं नाही. मी मात्र बंड्याचं हृदय कॅलेंडरच्या एका नोटिफिकेशनवर सोडलं.

तेव्हा औषध निवडताना आपण जसे व्हायला हवं होतं तसे आहोत असं समजून निवडू नका. जसे आहोत तसे धरून निवडा. रिलीजच्या आठवड्यातले, भारतात जायच्या गडबडीतले, "नंतर" दाबणारे आपण. त्या माणसाच्या हातातही जी पद्धत टिकेल, ती तुमच्या कुत्र्यासाठी चांगली.

बंड्या आता मस्त आहे. हे लिहीत असताना खिडकीपाशी बसून खारीवर भुंकतोय. जाऊ दे त्याला अंगणात, पळू दे.